दुखणं जुनं, निदान नवं

तुमच्यासारखी पत्रं मला वारंवार येतात. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), फायब्रोमायल्जिया, एंडोमेट्रिओसिस... आजाराचं नाव बदलतं, कहाणी तीच. वर्षानुवर्षं ‘काही नाही हो, टेन्शन घेऊ नका’ असं ऐकायचं आणि एकदाचं निदान झालं की विमा कंपनीने म्हणायचं, हा आजार तुम्हाला आधीपासूनच होता. तुम्ही लिहिता, आरोग्य विमा पॉलिसीच्या 26व्या महिन्यात तुमच्या मूत्रपिंडाला सूज आली, बायोप्सीत ल्युपस निघाला आणि क्लेम फेटाळला गेला.

कशाच्या आधारावर? डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीच्या: ‘पाच वर्षांपासून अधूनमधून सांधेदुखी, तोंड येणे.’ रात्री दाखल करून घेताना डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून त्रास आहे, आणि तुम्ही आठवेल तसं खरं सांगितलंत. त्यात तुमचं काहीच चुकलं नाही.

आता पॉलिसी उघडा आणि पूर्वीपासूनच्या आजाराची व्याख्या शब्दन् शब्द वाचा. विमा नियामक आयआरडीएआयच्या सध्याच्या नियमांप्रमाणे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी त्यांनी सल्ला वा उपचार दिला, तोच पूर्वीपासूनचा आजार. जुन्या पॉलिसीत 48 महिने असू शकतात. 2013च्या व्याख्येत नुसती लक्षणंही मोजली जात. आता तो शब्द नाही. तुमचं सगळं प्रकरण या फरकावर उभं आहे. सांधे दुखत होते, पण ते ल्युपसमुळे हे डॉक्टरांनाच ठाऊक नव्हतं, तर तुम्ही लपवणार काय? संधिवाततज्ज्ञांकडून दाखला घ्या: निदान पहिल्यांदा कोणत्या तारखेला आणि कोणत्या तपासण्यांवरून झालं. मात्र पॉलिसीआधी एएनए (ल्युपससारख्या आजाराचा संशय आला की करतात ती रक्तचाचणी) झाली असेल किंवा सांधेदुखीवर नियमित औषधं चालू असतील, तर माझं मत बदलू शकतं.

पॉलिसी घेतानाचा प्रपोजल फॉर्म एजंटने भरला आणि तुम्ही न वाचता सही केलीत, हे वाचून राग आला. त्यात सांधेदुखीबद्दल थेट प्रश्न असेल आणि पुढे ‘नाही’ लिहिलं असेल, तर कंपनीला बळ मिळेल. किती, ते फॉर्म पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. प्रत मागवा.

त्याहून मोठी चूक म्हणजे क्लेम फेटाळल्यानंतर नुसत्या फोनांत गेलेले दहा महिने. कस्टमर केअरला केलेले फोन म्हणजे तक्रार नव्हे. विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जाण्याआधी कंपनीला लेखी तक्रार द्यावी लागते, उत्तरासाठी एक महिना थांबावं लागतं आणि मुदत एका वर्षाची असते. हे वर्ष लेखी तक्रारीच्या उत्तरापासून मोजावं असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका; नकाराच्या पत्रावरची तारीखच धरून चाला. म्हणजे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आजच जायला हवा.

लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा निवाडा होतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं आहेत, पण तिथे तारखांवर तारखा पडतात, आणि आजारी माणसाने किती खेपा घालायच्या? शिवाय तिथे खटला चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाही.

आणि ताई, रागाच्या भरात पॉलिसीचं नूतनीकरण थांबवू नका. कंपनीने हा आजार जुना ठरवला, तरी त्यासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे जुन्या आजारावरचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, सलग पॉलिसीवरच पूर्ण होतो.