थर्ड इयरलाच सही करावी का? १,२५,००० डॉलरचा हिशोब

टेक्सासहून एका ताईंचा मेल आलाय. मुलगा २१ वर्षांचा, कॉलेजच्या बेसबॉल टीमचा पिचर (बॉल टाकणारा), थर्ड इयर झालं आणि गेल्या आठवड्यात एमएलबी ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे क्लब राउंड लावून नवे खेळाडू निवडतात त्यात, १४व्या राउंडला त्याचं नाव आलं. करारावर सही केली तर क्लब १,२५,००० डॉलर बोनस देतोय. मुलाला आजच सही करायचीय, बाबा म्हणतात एकच वर्ष राहिलंय तर आधी डिग्री हातात घे, आणि ताईंची मधल्यामध्ये ओढाताण चाललीय. त्यात एका कंपनीचा फोन आला की आत्ता रोख पैसे घ्या, पुढे मेजर लीगला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला, पोचला तर कमाईतले १० टक्के आम्हाला द्या.

ताई, तुमच्या मेलमधली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाहीये. मॅचनंतर तो उजव्या कोपराला बर्फाची पिशवी बांधतो आणि डाव्या हाताने वरणभात खातो असं तुम्ही लिहिलंय. आपला सगळा हिशोब त्या कोपरावर उभा आहे.

माझं मत सरळ सांगतो. सही करू द्या, पण उरलेल्या कॉलेजचा खर्च करारात लिहून घेऊनच. आणि त्या कंपनीला नाही म्हणा.

बाबांचं म्हणणं चुकीचं नाहीये, डिग्री हवीच. पण ड्राफ्टचं गणित काय आहे बघा. आज तुमच्या मुलाच्या हातात एक हुकमाचं पान आहे, "नाही जमलं तर मी कॉलेजला परत जातो" हे तो म्हणू शकतो, आणि क्लबला ते माहितीय म्हणून ते पैसे देतात. पुढच्या वर्षी तो सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाला, असेल तेव्हा हे पान हातात नसतं, परत जायला कॉलेजच उरत नाही. पहिल्या १० राउंडच्या प्रत्येक पिकला (निवडीला) एक ठरीव रक्कम असते आणि त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे क्लबचा पूल, तो फार ओलांडला तर दंड होतो आणि पुढचे पिक्स जातात, म्हणून ९व्या-१०व्या राउंडला मुद्दाम सीनियर घेऊन त्यांना पाच-दहा हजारात गुंडाळतात आणि वाचलेले पैसे दुसऱ्या कुणावर लावतात. मुलगा तोच, बॉलचा स्पीड तोच, फक्त वर्ष बदललं की भाव एवढा पडतो.

आणि कोपर. टॉमी जॉन सर्जरी (कोपराच्या फाटलेल्या लिगामेंटचं ऑपरेशन) झाली की १२ ते १८ महिने गेले. मेजर लीगचा पिचर जेकब डीग्रॉमचं बघा, स्टेट्सन युनिव्हर्सिटीत तो आधी शॉर्टस्टॉप (फील्डिंगची एक जागा) होता, पिचर नंतर झाला. २०१० मध्ये ९व्या राउंडला २७२वा पिक, बोनस ९५,००० डॉलर, आणि त्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन, पुढचा अख्खा सीझन बाहेर. पण तोपर्यंत सही झालेली होती, बोनस त्याचा होता आणि उपचार क्लबकडे होते. मेजर लीगमध्ये तो आला थेट मे २०१४ ला, वयाच्या २५व्या वर्षी, आणि नंतर दोन साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळतो तो) घेतले. पॉल स्कीन्ससारखं २०२३ ला पहिलाच पिक, ९.२ मिलियन बोनस आणि पुढच्याच मे महिन्यात मेजर लीग, असं लाखात एखाद्याचं होतं. तुम्ही चार वर्षांची तयारी ठेवा, आणि पोचणारच नाही हेही धरून चला, कारण बहुतेक मुलं नाही पोचत.

आता हातात किती येतात ते बघू. बोनस हा पगारच धरला जातो. टेक्सासला स्टेट टॅक्स नाही हे बरं, पण २०२५ च्या स्लॅबने फेडरल टॅक्स साधारण १९,००० जातो, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे साडेनऊ हजार, एजंटचे ५ टक्के धरले तर ६,२५०. उरले ९०,०००. बोनस दोन कॅलेंडर वर्षांत विभागून मिळत असेल तर तसाच घ्या, टॅक्स थोडा कमी बसेल.

हे ९०,००० म्हणजे त्याचा चार वर्षांचा शिधा आहे. २०२३ च्या करारात मायनर लीगचा, म्हणजे मेजरच्या खालच्या पातळ्यांचा, पगार सिंगल-एला वर्षाला २६,२०० डॉलर ठरला, डबल-एला ३०,२५०, ट्रिपल-एला ३५,८००. राहायची सोय बहुतेक क्लबच करतो, पण ऑफ-सीझनचं ट्रेनिंग, गाडी, इन्शुरन्स, खाणं सगळं ह्यातूनच. म्हणून ६०,००० साध्या हाय-यील्ड सेव्हिंगला टाका आणि वर्षाला १५,००० च्या वर हात लावायचा नाही. दरवर्षी ७,००० रॉथ आयआरएत (निवृत्तीच्या बचतीच्या खात्यात). नवी पिकअप ट्रक आत्ता नको, त्याला वाईट वाटेल तरी नको म्हणा.

क्लबकडे दोन गोष्टी मागा. पहिली, बोनस दीड लाख करा म्हणा. १०व्या राउंडनंतरच्या पिकला १,५०,००० पर्यंत दिले तर ते पूलमध्ये मोजले जात नाहीत, म्हणजे वरचे २५,००० देताना क्लबला दंडाची भीती नाही, फक्त खिशात हात घालायचाय. दुसरी जास्त महत्त्वाची, कॉलेज स्कॉलरशिप प्लॅन. किती सेमिस्टर आणि सेमिस्टरला किती डॉलर हे सही करतानाच लिहावं लागतं, नंतर नाही घालता येत. माझ्याकडे एक मुलगा सगळं संपल्यावर आला होता, खांदा गेलेला, करारात ती जागा कोरी होती आणि आईवडिलांनी कर्ज काढून फी भरली. तो कागद अजून डोळ्यासमोर येतो. तुमच्याकडे दोन सेमिस्टर राहिलीत, तर आजची फी नका लिहू, पाच वर्षांनी किती होईल तो आकडा लिहा. आणि खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत कॉलेज सुरू करावं लागतं, हे बाबांनी लक्षात ठेवायचं.

त्या १० टक्केवाल्यांचं. मेजर लीगला नाही पोचला तर काही परत द्यावं लागत नाही, हे खरं आहे. पण मेजर लीगचा स्टार फर्नांडो टॅटीस ज्युनिअरने मायनरमध्ये असताना असाच सौदा केला आणि २०२१ मध्ये त्याचा ३४० मिलियनचा करार झाला, त्यातले १० टक्के म्हणजे किती ते तुम्हीच काढा. ज्याच्या घरी आज चूल पेटत नाही त्याने असा सौदा केला तर मी त्याला बोलणार नाही. तुमच्या मुलाच्या खात्यात ९०,००० येणार आहेत, त्याला ही गरज नाही.

सहीची डेडलाईन महिनाअखेरीची आहे, म्हणजे आठवडा आहे हातात. बाबांना हे वाचायला द्या, आणि सही करायच्या आधी कराराच्या त्या कॉलेजच्या पानाचा फोटो काढून मला पाठवा, रात्री पाठवला तरी चालेल.