डिसेंबरात फोंड्याला जाताना

लग्नाला चार वर्षं झाली, नवरा एसेक्शुअल, म्हणजे लैंगिक ओढ सहसा न वाटणारा आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे आणि संसार सुखाचा आहे. तरी नाताळच्या सुट्टीत लंडनहून फोंड्याला सासरी जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलंय. सासूबाईंनी कळंगुटला दोघांसाठी दोन रात्रींची खोली परस्पर घेतलीय. शिवाय कवळ्याला शांतादुर्गेकडे मुलासाठी कौल घ्यायचं त्यांच्या मनात आहे.

ती खोली प्रेमानं घेतलेली आहे, हे मला कळतं. पण तिथून परतल्यावर चहाच्या वेळी सगळं घर तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत बसेल. तेव्हा ती गोड बोलून नाकारा. दिवाडी बेटावर जायचा तुमचा बेत मात्र सोडू नका. जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडायची, पिएदादच्या टेकडीवर चढायचं, खाली खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, बघत बसायचं, उतरल्यावर पातळ भाजी-पाव. त्या संध्याकाळीत कशाची उणीव आहे असं मला तरी वाटत नाही. घरी फक्त ‘फिरायला जातोय’ म्हणा.

आता ‘एसेक्शुअल’ या शब्दाबद्दल. मराठीत ‘अलैंगिक’ म्हटलं की आपल्या लोकांना शाळेतला अमिबा आठवतो, म्हणून सासूबाईंशी त्या शब्दानं सुरुवात करू नका. एसेक्शुअल माणसाला इतरांविषयी लैंगिक ओढ वाटत नाही किंवा फार क्वचित वाटते. प्रेम, सोबत, मत्सर, रुसवे सगळं असतं. काहींना मूलही हवं असतं. ब्रह्मचर्य हा निश्चय असतो, एसेक्शुअल असणं हा स्वभाव आहे. 2004 साली 18 हजारांहून अधिक ब्रिटिशांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात सुमारे 1 टक्का लोकांनी अशी ओढ कधीच वाटली नसल्याचं सांगितलं होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदानपुस्तिकेतही, स्वतःला एसेक्शुअल म्हणवणाऱ्याला इच्छा कमी असल्याच्या विकाराचं निदान लावू नये असं म्हटलंय. (आधी असलेली इच्छा अचानक गेली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा थायरॉइड, नैराश्य, चालू औषधं यांविषयी डॉक्टरांशी बोलावं.)

एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, घाईत लिहिलीय: ‘मला कधीकधी एकटं वाटतं.’ ती मी तीनदा वाचली. सासरच्यांसमोर नवऱ्याला सांभाळता सांभाळता हे गिळून टाकू नका. दिवाडीच्या टेकडीवर नवऱ्याला सांगा. त्यांना दोष न देताही ते सांगता येतं.

आणि कौल. आपल्याकडे मूल नाही म्हटलं की बोट आधी सुनेकडे जातं, आणि तुम्ही गप्प राहिलात तर उपास, औषधं, नवस सगळं तुमच्याच गळ्यात पडेल. म्हणून बोलायचं तुमच्या नवऱ्यानं, त्यांच्या आईशी. सगळं उघड करायची सक्ती नाही. ‘आई, मुलाचं आम्ही दोघं मिळून ठरवू. हा प्रश्न देवीला विचारू नकोस, मला विचार, आणि हिला तर अजिबात नको,’ एवढं पुरे. आईनं पुढे विचारलंच आणि त्यांना सांगावंसं वाटलं, तर सांगतील.

हा फोन लंडनहूनच, विमानात बसायच्या आधी झाला पाहिजे. फोंड्याच्या घरात पाहुण्यांच्या गर्दीत त्यांना तेवढा एकांत मिळणार नाही.