दवाखान्यात डॉक्टर आणि पेशंटचं बोलणं ऐकून डॉक्टरांच्या नोंदी एआयने लिहिल्या तर चालेल का?

चालेल, पण डॉक्टरांनी त्या वाचून सही केली तरच. फायदा खरा आहे: डॉक्टरांची नजर स्क्रीनवरून उठून पेशंटकडे जाते. रात्री उशिरापर्यंत टायपिंग करत बसावं लागत नाही, हेही थोडं नाही.

धोका मात्र बारीक असतो. "पेनिसिलिनची ॲलर्जी नाही" यातला "नाही" गळाला की अर्थच उलटतो, आणि तीच नोंद पुढच्या प्रत्येक डॉक्टरांकडे जाते. ओपनएआयच्या व्हिस्पर या बोलणं लिहून घेणाऱ्या प्रणालीवर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ टक्का ध्वनिमुद्रणांच्या मजकुरात कोणीच न बोललेली वाक्यं आढळली. बोलताना जास्त थांबणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक घडलं. म्हणजे अडखळत बोलणारे आजारी लोकच जास्त भरडले जाणार! मला हे फार गंभीर वाटतं.

तुम्ही पेशंट असाल तर रेकॉर्डिंग आधी संमती घेऊनच होतंय ना, ते किती दिवस ठेवणार, हे सरळ विचारा. नको असेल तर नको म्हणा. आणि निघताना औषधं, डोस, ॲलर्जी या तीन गोष्टी तरी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.