खेळातलं गुरगुरणं

दोरी ओढताना पिल्लू गुरगुरतं म्हणून घाबरून खेळ थांबवू नका. माझी लॅब्रॅडॉर नऊ वर्षांची आहे, अजूनही जुना मोजा दिसला की ट्रॅक्टरसारखी घुरघुरते आणि शेपूट मात्र कमरेसकट हलत असते.

नुसता आवाज ऐकू नका, अंग बघा. पुढचे पाय जमिनीला टेकलेले, ढुंगण वर, तोंड सैल, मध्येच उगाच एखादी शिंक: हा खेळच. अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय आणि वाटीवर मान खाली घालून गुरगुरतंय, तर मागे सरा. हा फरक कुत्र्यांना चांगला कळतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये हाडाजवळ गेलेल्या कुत्र्यांना गुरगुरण्याची रेकॉर्डिंग ऐकवली. खेळातल्या आवाजापेक्षा अन्न राखतानाच्या आवाजाला ती जास्त बिचकून मागे हटली.

एक चूक मी केली, तुम्ही करू नका. वाटीवर गुरगुरली म्हणून आधीच्या कुत्रीला मी रागावायचो. ती गुरगुरायची थांबली, पण पुढे इशारा न देता सरळ चावली. गुरगुरणं ही सूचना आहे, ती बंद करायची नसते. अशा वेळी ट्रेनर गाठा.

कुईंकुई म्हणजे बहुधा काहीतरी हवंय. सायरन ऐकून हेल काढलाच तर शेजारच्या आजी अपशकुन म्हणतील. त्यांना चहाला बोलवा. एरवी शांत असणारं कुत्रं हात लावताच गुरगुरलं, तर मात्र आधी डॉक्टरकडे न्या, कान किंवा सांधा दुखत असू शकतो.