'रेस-टू-४' पद्धत: खेळाडूंना आवडेल, प्रेक्षकांसाठी वेगळी तयारी हवी

आपल्या क्लबच्या पेंटबॉल (रंगाच्या गोळ्या झाडून प्रतिस्पर्ध्याला बाद करण्याचा खेळ) स्पर्धेत एकाच डावात निकाल लावणारा झेंड्याचा सामना बंद करून, आधी ४ पॉइंट मिळवणारा संघ विजयी ठरवणारी 'रेस-टू-४' पद्धत आणावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते खेळाडूंना ती नक्की आवडेल, परंतु केवळ नियम बदलल्याने प्रेक्षक मैदानाशी खिळून राहणार नाहीत.

हा खेळ मुळात पाहण्यासाठी जन्मला नव्हता. १९८१ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या जंगलात १२ जणांनी पहिला सामना खेळला आणि त्यातला विजेता एकही गोळी न झाडता, सगळ्यांची नजर चुकवत झेंडे गोळा करून जिंकला. पुढे मोकळ्या मैदानावर दोन्ही बाजूंना सारखेच फुगवलेले बंकर, म्हणजे लपण्याचे आडोसे, आले. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत रिचमंड इटालिया यांनी पाच-पाच खेळाडूंचा, एकामागून एक पॉइंट, म्हणजे एकेका गुणासाठीचे छोटे डाव, खेळण्याचा एक्सबॉल हा प्रकार पुढे आणला. आजची रेस-टू पद्धत त्यातूनच आली आहे.

खेळाडूला यात सर्वांत मोठा लाभ दुसऱ्या संधीचा होतो. जुन्या पद्धतीत ब्रेकआउटलाच (डाव सुरू होताच बंकरांकडे धावताना) दोघे बाद झाले की सामना जवळजवळ संपत असे आणि पुढच्या सामन्यापर्यंत नुसते बसून राहावे लागे. आता पॉइंट गमावला तरी पिटमध्ये (मैदानाबाहेरच्या संघाच्या जागेत) परतून मास्क पुसता येतो, पॉड (जादा गोळ्यांच्या नळ्या) भरता येतात, प्रतिस्पर्ध्याने कोणती लेन (गोळीबाराची सरळ वाट) धरली होती हे एकमेकांना सांगता येते आणि पुढच्याच पॉइंटला चाल बदलता येते. नवा खेळाडू खरा घडतो तो याच मधल्या वेळात. सुरुवातीच्या एक्सबॉलचे लांबलचक सामने २००० गोळ्यांची खोकी झपाट्याने रिकामी करत, त्या खर्चालाही येथे आळा बसतो. मात्र दुबळा संघ काही मिनिटांत ४-० असा हरू शकतो, म्हणून थेट बाद फेरी न ठेवता आधी गटसाखळी ठेवावी.

प्रेक्षकांच्या बाबतीत गुणफलकामुळे एक अडचण नक्कीच सुटते, कारण ३-२ म्हणजे काय हे कोणालाही कळते. दुसरी अडचण मात्र तशीच राहते. सुमारे १७ मिलिमीटरची, सेकंदाला ९० मीटरच्या आसपास वेगाने जाणारी गोळी लांबून दिसत नाही. त्यामुळे एखादा खेळाडू हात वर करून बाहेर चालू लागला तरी त्याला कोणी आणि कोठून टिपले, हे जाळीबाहेरच्या माणसाला उमगत नाही. यासाठी बसण्याची जागा उंचावर असावी, कडेला सरपटत पुढे जाणारा खेळाडू तेथून दिसावा, संघांच्या जर्सींचे रंग ठळकपणे वेगळे असावेत आणि खेळ जाणणारा निवेदक असावा. मैदानावर अजून किती जण उरले आहेत हे निवेदकाने सतत सांगत राहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पाचांविरुद्ध तीन ही स्थिती कळल्याशिवाय त्या तिघांच्या धडपडीतला थरार कळत नाही.

गोळीबाराच्या वेगावरही मर्यादा घाला. व्यावसायिक स्पर्धांतही ती सेकंदाला साधारण १० गोळ्यांपर्यंत आणली गेली आहे. वर्षाव कमी झाला की खेळाडू बंकर सोडून धावण्याचे धाडस करतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या धावाच स्पष्ट दिसतात.

पंच कमी पडत असतील तर संघांची संख्या घटवा. रंगाचा डाग लपवून खेळत राहिलेला एक खेळाडू रेस-टू-४ मध्ये संपूर्ण पॉइंट फिरवू शकतो, आणि तेथे वाद झाला की खेळाडू व प्रेक्षक दोघेही एकदमच नाराज होतात.