क्लच सरकू दे की जरा!

प्रश्न : दादा, जुनी गाडी टर्बो करून ४०२ मीटर ड्रॅगसाठी (सरळ पट्ट्यातली शर्यत) बनवलीय, क्लचला हेवी प्रेशर प्लेट (डिस्क दाबून धरणारी) न् सिरॅमिक डिस्क टाकली, तर लाँचला (गाडी सुटताना) एकतर टायर फिरतात नायतर अ‍ॅक्सल तुटतोय. काय करू? – एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : भावा, क्लच लय कडक झालाय एवढाच विषय हाय. सिरॅमिक एकदम पकडतं, त्यामुळं फ्लायव्हीलचा (इंजिनला जोडलेलं जड चाक) सगळा झटका गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि टायरवर जातो, कुठलं तरी एक हार मानणारच. ड्रॅगला अ‍ॅडजस्टेबल स्लिपर क्लच (सुटताना मुद्दाम थोडा सरकणारा) आणि सिंटर्ड आयर्न (लोखंडाची पूड दाबून-तापवून बनवलेली) डिस्क बघ, महाग पडतं पण सारखे अ‍ॅक्सल बदलण्यापेक्षा परवडलं. त्यात स्प्रिंगचं बेस प्रेशर (सुरुवातीचा दाब) लाँच ठरवतं आणि क्लचच्या लिव्हरवरची वजनं आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) वाढेल तसं प्रेशर वाढवत जातात. टायर फिरले की बेस थोडं कमी कर, वरच्या गिअरला आरपीएम चढतोय पण गाडी पळत नाय असं झालं तर वजन वाढव. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि डिस्कची जाडी मोजत जा, झिजली की प्रेशर उतरतं. आणि जुनं कास्ट आयर्नचं फ्लायव्हील काढच, जास्त आरपीएमला फुटलं तर तुकडे फ्लोअर फाडून येतात, स्टीलचं बसव, वर स्कॅटरशील्ड (तुकडे अडवणारं मजबूत कवच) पायजेच.