कोळशातला जड गोळा

प्रश्न : चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत नोकरीला असलेल्या मामांनी मला थरातून निघालेला लिंबाएवढा गोळा दिला. तो कोळशाच्या मानाने फारच जड असून फुटलेल्या बाजूला पितळेसारखा चमकतो. कोळशात असा दगड शिरतो तरी कसा?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : हा गोळा थरात जागच्या जागीच तयार झाला, आणि तोही बहुधा कोळसा होण्यापूर्वी. दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या लगद्यातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह, चुना, सल्फेट असे पदार्थ विरघळलेले असतात. प्राणवायू नसलेल्या त्या चिखलात काही जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात; त्याचा लोहाशी संयोग होऊन एखाद्या काडीभोवती किंवा मुळाभोवती पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, साचू लागते. सल्फेट कमी असेल, तर लोहाचे कार्बोनेट, म्हणजे सिडेराइट, साचते. तुम्ही सांगता ती पितळी चमक पायराइटचीच वाटते. फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर गोळा घासून पाहा. हिरवट काळी रेघ उमटली, तर शंका उरणार नाही.

गोळा आधीचा की कोळसा आधीचा, हे ओळखण्याची खूण खाणीतच असते. वरच्या गाळाच्या भाराने लगदा दबून कितीतरी पातळ होतो, पण आधीच घट्ट झालेली गाठ दबत नाही. त्यामुळे कोळशाचे पापुद्रे तिला वळसा घालून जाताना दिसतात. मामांना पुढच्या वेळी एवढे पाहायला जरूर सांगा.

याच कारणाने इंग्लंडमधील कोळशाच्या थरांत सापडणारे कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचे गोळे, ज्यांना ‘कोल बॉल’ म्हणतात, वनस्पतिशास्त्रज्ञांना मोलाचे वाटतात. जोसेफ हूकर आणि एडवर्ड बिनी यांनी १८५५ मध्ये त्यांचे वर्णन केले. चुनखडीने पेशीन् पेशी भरून निघाल्यामुळे त्यांतील खोडांचे आडवे छेद आजही गोल दिसतात, तर शेजारच्या कोळशात तीच खोडे चपटी होऊन ओळखेनाशी झालेली असतात. मात्र आम्लधर्मी दलदलीत एवढे कॅल्साइट साचले कसे, यावर अजूनही वाद आहे. समुद्राचे पाणी आत शिरल्याने ते साचले, असे एक मत आहे.

तुमचा गोळा मात्र खाडीकाठच्या दमट हवेत उघडा ठेवू नका. पायराइट ओल धरते, त्यावर पांढरट पिवळी भुकटी येते, त्यातून गंधकाम्ल सुटते आणि खालचा कागदही खाल्ला जातो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावा.